खर्ज का फाटतो?

गणेशोत्सवातील एका रात्रीचा प्रसंग सांगून या लेखास आरंभ करतो. आमच्या बोरगावापासून फारसे दूर नसलेल्या एका गावी तरुणांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. गावाचे वा मंडळाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. मंडळी सज्जन आहेत, आणि जे घडले ते कोणत्याही गावी घडू शकते. वृंदात बेस गिटार वाजविणारा मुलगा काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून शिकून गेलेला. येथील औद्योगिक वसाहतीत तो पाळीवर काम करतो. पगारातून पैसे मागे टाकून त्याने नागपुरास जाऊन जुनी गिटार व तिचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, खरेदी केला होता. पहिले गीत नीट पार पडले. दुसऱ्या गीतात तो जाड तारेवर उतरला, हात थोडा जोराने पडला, आणि स्वर फाटला. कोणी जाडेभरडे कापड टरकावीत आहे असा तो आवाज मंडपभर पसरला.

उपाय सुचविणाऱ्यांची तेथे वानवा नव्हती. एकाने आवाज वाढविण्यास सांगितले. दुसऱ्याने पुढे होऊन खर्जाचे बटण पुरते फिरविले. तिसऱ्याने पेटीवर एक थाप मारून पाहिली. निवेदकाने त्यावर विनोद केला व लोक हसले. मध्यंतरात वृंदप्रमुख त्या मुलास म्हणाला, "अरे, हलक्या हाताने वाजव जरा. तुला खर्ज पेलवत नाही." दुसऱ्या दिवशी निरोप आला की, उरलेल्या कार्यक्रमांस तू आला नाहीस तरी चालेल.

त्या रात्री मी श्रोत्यांत बसलो होतो. मीही काही बोललो नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत आहे, व ती आपल्या वार्षिकातून विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावी असे वाटते. आवाज फाटला म्हणजे आपण प्रथम माणसास दोष देतो, मग वस्तूस देतो, मग नवी व मोठी वस्तू विकत आणण्याच्या गोष्टी बोलू लागतो. कारणाचा शोध मात्र कोणी घेत नाही. वास्तविक हा शोध घेणे ही एक विद्या आहे. ती सातवी-आठवीच्या मुलास समजेल इतकी सोपी आहे. आणि ती आपण शाळेत शिकवीत नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रथम हे वाद्य कोणते ते पाहू. १९५१ सालापूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीच्या लाकडी वाद्याकडे असे. ढोल आणि पितळी वाद्ये यांच्या गदारोळात त्याचा आवाज कोणास ऐकू जात नसे, आणि ते गाडीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावे लागे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या गृहस्थाने १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकविता येणारी बेस गिटार बाजारात आणली, आणि पाठोपाठ १९५२ साली तिच्यासाठी स्वतंत्र ध्वनिवर्धकही काढला. मौज अशी की, या फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्याचे मूळचे दुकान रेडिओदुरुस्तीचे! दुसऱ्यांचे बिघडलेले संच उघडून बसणाऱ्या माणसाच्या हातून हे वाद्य जन्मास आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या गिटारीस सामान्यतः चार तारा असतात. सर्वांत जाड तार सोडून दिली असता सेकंदास सुमारे ४१ कंपने पावते. हा खर्जातलाही खर्ज होय. ज्यांनी घरी तंबोरा पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे की त्याच्या चार तारांपैकी शेवटची तार खर्जाची असते. बेस गिटारीची जाड तार तिच्याही खाली उतरते. इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकवावयाचा तर यंत्रास फार कष्ट पडतात, आणि पुढील सारा घोटाळा या कष्टांतून उत्पन्न होतो.

आता आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? शांत डोहात खडा टाकला की गोल माथ्याच्या लाटा उठतात. तारेच्या स्वराची विद्युत्‌लहर तशीच गोलसर असते. ध्वनिवर्धकाचे काम एवढेच की ती लहर आहे तशी मोठी करावयाची. परंतु प्रत्येक यंत्रास एक छत असते. लहर त्या छताहून उंच वाढू पाहील तर तिचा माथा तेथेच सपाट कापला जातो. ठेंगण्या दारातून ताठ मानेने जाणाऱ्याच्या फेट्याचे जे होते, तेच येथे लहरीचे होते. माथा कापलेल्या लहरीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे स्वर उपजतात. ४१ कंपनांच्या तारेतून १२३, २०५, २८७ अशी न मागितलेली पिलावळ बाहेर पडते. कानास जी खरखर व फाटकेपणा जाणवतो तो या उपऱ्या स्वरांचा.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, उपस्वर तर सर्वच वाद्यांत असतात, मग येथेच ते वाईट का? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास तंबोऱ्यासारखे दुसरे साधन नाही. मिरजेस तंबोरे व सतारी बनविणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांच्या धंद्यात शिरले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांचे खरे कसब घोडीवर दिसते. घोडीचा माथा कानसेने इतका अल्पसा बाकदार करतात की तार कंप पावताना त्या माथ्याला पुनःपुन्हा हलकेच भिडते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा साधतात. तीच जवारी. जवारी लागली की तार नुसती वाजत नाही, गुंजते. तिच्या एका स्वरातून अनेक स्वर फुलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना १९२१ साली या घोडीवर एक निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली तेथे जो उपस्वर नियमाप्रमाणे मरावयास हवा, तो तंबोऱ्यात जिवंत राहतो, असे त्यांनी दाखविले.

म्हणजे तारेचा आवाज मूळ रूपापासून ढळणे हे स्वतः पाप नव्हे. जवारी हे देखील एक प्रकारचे ढळणेच आहे. पण ते कारागिराने हवे तेथे, हवे तेवढे घडविलेले असते. धागा केसभर सरकला की कारागिरास कळते. तो मागे घेता येतो. मंडपात त्या रात्री जे झाले ते कोणी घडविले नव्हते आणि कोणास थांबविताही येत नव्हते. हवेसे आणि नकोसे यांतील फरक मला तरी एवढाच दिसतो.

पुढच्या रविवारी तो मुलगा आपली सामग्री रिक्षात घालून माझ्या घरी घेऊन आला. वाद्य विकून टाकावे की काय, असे त्याने मला विचारले. मी विज्ञान शिकवितो, म्हणून त्याचा माझ्यावर विश्वास. मी मोठ्या आत्मविश्वासाने निदान केले: खर्ज फाटतो, तस्मात् स्पीकरचा कागदी शंकू फाटला असला पाहिजे. पेटीचे सोळा स्क्रू आम्ही काढले. शंकू धडधाकट होता. वीज बंद करून दोन्ही हातांच्या बोटांनी तो चोहोबाजूंनी सारखा, हलकेच आत दाबून पाहिला. आतील तारेचे वेटोळे चुंबकास घासत असेल तर अशा वेळी खरखर लागते. ती लागली नाही. सोळा स्क्रू परत बसविले. दोन तास गेले. तेव्हा तो मुलगा संकोचत म्हणाला, "सर, आपण गिटारीपासून सुरुवात करू या का?"

गुरूस लाज वाटावी असा तो क्षण होता, आणि मला ती वाटली. स्वर तारेपासून निघतो, तारेखालील पिकअप त्याची वीज करतो, गिटारीच्या पोटातील लहानसे मंडल तिला बळ देते, केबलमधून ती ध्वनिवर्धकात शिरते, तेथील पहिला टप्पा तिला आकार देतो, दुसरा टप्पा शक्ती देतो, शेवटी स्पीकर. ही साखळी आहे. मी तिच्या शेवटच्या कडीपासून, तीही केवळ अंदाजाने, आरंभ केला होता.

आम्ही पहिल्या कडीशी आलो. वीज न जोडता, कान लावून नुसती गिटार वाजविली. तार पडद्यावर घासून किणकिणत असेल तर ते येथेच ऐकू येते. तसे नव्हते. मग पुन्हा माझी घाई आडवी आली. मी केबल बदलली, गिटार ध्वनिवर्धकाच्या दुसऱ्या छिद्रात घातली आणि पहिल्या टप्प्याचे, ज्यास गेन म्हणतात ते, बटण कमी केले; सर्व एकाच दमात. आवाज स्वच्छ झाला! आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. पण तिघांपैकी श्रेय कोणाचे? ते आम्हांला सांगता येईना. नंतर असे उघडकीस आले की आवाज स्वच्छ झालाच नव्हता, हळू झाला होता. तो पूर्वीइतका चढविताच फाटकेपणा जसाच्या तसा परत आला. हळू आवाज आणि स्वच्छ आवाज यांत कान सहज फसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. सर्व पूर्ववत केले, एक जुनी वही घेतली, आणि ठरविले की एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, परिणाम लिहावयाचा, व ती परत जागेवर ठेवूनच पुढे जावयाचे.

निर्णायक प्रयोग अगदी साधा होता. माझ्या मुलीचा लहानसा कीबोर्ड त्याच ध्वनिवर्धकास, त्याच केबलने, तेवढ्याच मोठ्या आवाजात जोडला आणि त्याचे खालचे स्वर वाजविले. स्वच्छ! म्हणजे केबल, ध्वनिवर्धक आणि स्पीकर हे तिघेही एका फटक्यात निर्दोष सुटले. दोष त्यांच्या अलीकडे, गिटारीत होता. साखळीच्या मध्यावर घाव घालून अर्धी साखळी बाजूस काढावी, ही युक्ती पुढे सर्वत्र उपयोगी पडते. नळाचे पाणी कोठे अडले हे शोधणारा प्लंबर हेच करतो.

गिटारीच्या पोटातील मंडळास नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. "बॅटरी नवी आहे, गेल्याच महिन्यात घातली," मुलगा म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. मल्टिमीटर लावला तर ती सहा व्होल्टसुद्धा दाखवीना. नवी बॅटरी घातली आणि जाड तार पहिल्यांदा मोकळ्या, भरघोस आवाजात बोलली. छत नऊ व्होल्टांवरून सहाच्या खाली आले होते, म्हणून हलके सूर निभावत होते आणि जोराचा खर्ज माथा आपटून घेत होता. वृंदप्रमुखाचे "हलक्या हाताने वाजव" हे म्हणणे एका अर्थी खरे होते, असे म्हणावे लागते. परंतु दोष हाताचा नव्हता. आणि महिन्याभरात बॅटरी संपली कशी? या जातीच्या गिटारीत केबल खोचताच बॅटरी सुरू होते व केबल काढली की बंद होते. हा मुलगा पाळीवरून दमून येई, रात्री थोडा वेळ वाजवी आणि केबल तशीच ठेवून झोपी जाई. बॅटरी रात्रभर जागत असे.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. परंतु संध्याकाळी पूर्ण आवाजात वाजविताच थोडा फाटकेपणा पुन्हा डोकावला. या वेळी गेन उतरवून काही फरक पडला नाही. शेवटचे, मास्टरचे, बटण उतरविले की तो जाई. जो दोष मास्टर अगदी लहान ठेवूनही राहतो तो बहुधा पहिल्या टप्प्यात किंवा त्याच्या अलीकडे असतो. जो केवळ मोठ्या आवाजात प्रकटतो तो शक्तीच्या टप्प्यात वा स्पीकरमध्ये असतो. आम्ही बटणांकडे पाहिले. खर्जाचे बटण त्या रात्री कोणी परोपकाराने पुरते फिरविले होते, ते तसेच होते.

हा परोपकार किती महाग पडतो याचे गणित करण्यासारखे आहे. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल वाढविण्यास दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलला चौपट, १२ डेसिबलला सोळापट. खर्जाचे बटण १२ डेसिबलने चढविणे म्हणजे खालच्या स्वरांसाठी ध्वनिवर्धकाकडे सोळापट शक्ती मागणे. ती त्याच्यापाशी नसते. शिवाय तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी स्वर एक सप्तक खाली गेला की स्पीकरच्या शंकूस चौपट अंतर पुढेमागे धावावे लागते. त्यात आपल्या गावची वीज. संत्र्यांच्या बागांतील मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २३० व्होल्टचा दाब १९० वर उतरला तर साध्या बांधणीच्या ध्वनिवर्धकाची जास्तीत जास्त शक्ती त्या प्रमाणाच्या वर्गाने घटते. १०० वॉटचे सुमारे ६८ वॉट उरतात. छत पुन्हा खाली आले!

आम्ही खर्जाचे बटण मध्यावर आणले आणि मधल्या स्वरांचे थोडे चढविले. मुलाच्या चेहऱ्यावर शंका होती: खर्ज कमी केला तर खर्ज ऐकू कसा येणार? अंगणाच्या टोकाशी जाऊन ऐक, असे मी सांगितले. तो गेला आणि परत येऊन म्हणाला, "सर, आता जास्त ऐकू येतो." यात जादू नाही. मूळ स्वर अगदी क्षीण असला तरी त्याचे उपस्वर नीट पोहोचले की कान त्यावरून मूळ स्वर स्वतः जुळवून घेतो. खिशातील लहानशा रेडिओवर आपण पुरुषाचा भरदार आवाज ओळखतो तो असाच. त्या इवल्याशा स्पीकरातून खरा खर्ज बाहेर पडतच नाही.

"मोठा घ्या" या सल्ल्याबद्दल माझे मत आता स्पष्ट सांगतो. १०० वॉटच्या जागी २०० वॉटचा संच आणला तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. हा फरक कानास थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे वर्गणीचे पैसे दुप्पट खर्चून पदरी पडते ते थोडे, आणि बॅटरी संपलेली असेल तर तोच फाटका आवाज अधिक दूरवर जातो. फाटका आवाज स्पष्ट ऐकू येत नाही म्हणून तो वाढवावयाचा, वाढविल्यामुळे तो अधिक फाटतो, म्हणून पुन्हा वाढवावयाचा, या चक्रात आपले उत्सव सापडले आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत ध्वनिवर्धक वाजविण्यास बंदी आहे. मिरवणुकीतील पेट्यांच्या भिंतीपुढे उभे राहून या आकड्यांचा विचार करून पाहावा. माझा असा अनुभव आहे की आवाज स्वच्छ असेल तर लोक स्वतःहून तो कमी करण्यास सांगत नाहीत, आणि वाजविणाऱ्यासही तो वाढवावासा वाटत नाही.

फाटकेपणाची आणखी काही कारणे ओझरती सांगून ठेवतो. कित्येकदा आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडून चार ओहमचा भार करतात, तेथवर ठीक. तिसरी जोडली की तो तीनाच्याही खाली जातो आणि ध्वनिवर्धक तापून कण्हू लागतो. कधी पिकअप तारेच्या फार जवळ आलेला असतो. आणि कधी तर यंत्रात काहीच दोष नसतो. मंडपाचा पत्रा, खिडकीची सैल काच, शेजारच्या ड्रमखालील तारा एखाद्या विशिष्ट खर्जावर थरथरू लागतात, आणि आपण ध्वनिवर्धकावर आळ घेतो. पत्र्यावर हात ठेवला की गुन्हेगार सापडतो.

मात्र एका विषयावर ओझरते बोलून चालणार नाही. कित्येक वेळा आवाज फाटत नसतो, त्यामागे अखंड गुणगुण चालू असते. ती आपल्या विजेच्या ५० कंपनांची. बेस गिटारीच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर ४९ कंपनांचा स्वर येतो, त्यामुळे ती गुणगुण खर्जात बेमालूम मिसळते व ओळखू येत नाही. ती घालविण्याचा एक 'गावठी' उपाय सर्रास केला जातो: तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन काढून टाकावयाची, की गुणगुण थांबते. थांबते खरी. पण ती पिन जमिनीशी जोडलेली असते, आणि यंत्रात बिघाड होऊन पत्र्याच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास तोच एक सुरक्षित मार्ग असतो. तो तोडला की दुसरा मार्ग वाजविणाऱ्याच्या शरीरातून. एका हातात गिटारीच्या तारा, ओठांपाशी ध्वनिक्षेपक, पायाखाली भाद्रपदातील ओली जमीन! ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी नावाचा गिटारवादक भर कार्यक्रमात जमिनीशी न जोडलेल्या ध्वनिक्षेपकास स्पर्श होऊन मरण पावला. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून जोडली तर गुणगुण पुष्कळदा आपोआप उतरते. न उतरली तर ती सहन करावी. जो कोणी ती पिन कापावयास निघेल, त्याचा हात धरण्याइतके धैर्य आपल्या विद्यार्थ्यांत यावे, एवढ्या एका कारणासाठी देखील हा विषय शाळेत शिकवावा असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण शिक्षकांच्या खोलीत तो मी ऐकला आहे. दोषांतूनही कला निपजते, मग इतकी चिकित्सा कशास? उदाहरण खरे आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाच्या एका गीतात ग्रेडी मार्टिन या वादकाने सहा तारांची बेस गिटार वाजविली होती. नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडलेला निघाला आणि गिटारीचा स्वर फाटून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणला. मंडळींनी तो तसाच ठेवला आणि लोकांस तो आवडला. पण पुढे काय झाले ते पाहावे. इतर वादक तोच आवाज मागू लागले. तोवर तो बिघडलेला भाग पुरता निकामी झालेला. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकास बिघाड कशामुळे झाला व त्याने लहरीचे काय केले, हे शोधून तसा आवाज देणारे एक स्वतंत्र यंत्र बनवावे लागले. १९६२ साली ते बाजारात आले. मिरजेचा कारागीर जवारीचे जे करतो तेच स्नॉडीने केले: अपघात हाती धरला. आक्षेप घेणाऱ्यांनी या कथेचा उत्तरार्धही सांगत जावा, अशी विनंती आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा: मुलांच्या हाती विजेची वस्तू द्यावी काय? ही भीती रास्त आहे. ध्वनिवर्धकाचे पोट विद्यार्थ्याने उघडू नये. जुन्या, काचेच्या निर्वात नळ्यांच्या यंत्रांत तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्टचा दाब काही काळ साठून राहतो. परंतु वर जे जे सांगितले त्यापैकी बहुतेक सर्व बाहेरूनच करता येते. केबल बदलणे, बटणे फिरविणे, दुसरे वाद्य जोडणे, नऊ व्होल्टची बॅटरी मोजणे, वहीत लिहिणे. यांपैकी कशास भ्यावे? माझ्या मते यासाठी नवा विषय नको की नवा तास नको. आठवीच्या मुलांस मल्टिमीटर, एक वही आणि एक बिघडलेला संच द्यावा, व शनिवारचे दोन तास मोकळे सोडावे. शिक्षकाने शक्य तितके गप्प राहावे. हे शेवटचे कलम मी स्वतःसाठी घातले आहे.

त्या मुलाने गिटार विकली नाही. दुसऱ्या एका वृंदात तो आता वाजवितो. झोपण्यापूर्वी केबल काढतो आणि पिशवीत एक जादा बॅटरी ठेवतो. पहिल्या वृंदप्रमुखास बॅटरीची हकीकत मी समक्ष जाऊन सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मला चहा पाजला.

आपल्या शाळेच्या कपाटात एक ध्वनिवर्धक पडून आहे. एका प्रजासत्ताकदिनी मुख्याध्यापकांच्या भाषणात तो फाटू लागला आणि तेव्हापासून त्यावर "खराब" अशी चिठ्ठी आहे. काय खराब आहे, ते चिठ्ठीवर लिहिलेले नाही. कपाटाची किल्ली कार्यालयात असते, असे मला चौकशीअंती समजले आहे. येत्या शनिवारी ती मिळावी म्हणून मी अर्ज दिला आहे.